परसातली कोंबडी आणि दुकानातले भांडवल

धंद्याच्या पानावर कोंबडीची आणि भेंडीच्या वाफ्याची चर्चा कशाला, असा प्रश्न आमच्या काही वाचक बंधूंच्या मनात येईल. आमचे म्हणणे असे की, लहान व्यापाऱ्याचे भांडवल दुकानाच्या पुढच्या दाराने जेवढे बुडते, जवळपास तेवढेच ते घराच्या मागच्या दाराने झिरपत असते. गिऱ्हाइकाने उधारी बुडवली की ती आपल्याला खटकते. चार लोकांत आपण तिची चर्चा करतो. पण रोज संध्याकाळी गल्ल्यातून भाजीला, अंड्यांना, कोथिंबिरीच्या जुडीला, चार मिरच्यांना जे पैसे उचलले जातात ते कोणत्याच वहीत चढत नाहीत. मालेगावचा मागवाला असो, भिवंडीचा शिलाई कारागीर असो, की चिपळूणच्या बाजारपेठेतला कापडवाला असो, आठवड्याचा हिशेब मांडताना 'घरखर्च' या एका शब्दाखाली तो हे सगळे ढकलून देतो. मंदीच्या महिन्यात हाच घरखर्च माल भरायच्या पैशात हात घालतो, आणि मग व्याजाच्या दारात उभे राहण्याची पाळी येते.

म्हणून परसबाग आणि दहा-बारा कोंबड्या हा विषय आम्ही या पानावर घेत आहोत. मात्र सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. याला आम्ही धंदा म्हणत नाही आणि वाचकांनीही म्हणू नये. 'घरबसल्या कोंबडीपालनातून हजारो कमवा' अशा जाहिराती करणारे लोक गावोगावी फिरत असतात. त्यांचा धंदा पिल्ले विकण्याचा असतो, कोंबड्या पाळण्याचा नव्हे.

साधा हिशेब मांडून पाहू. गावठी कोंबडी वर्षाला साठ ते ऐंशी अंडी देते. सुधारित जातीची, परसात मोकळी फिरणारी कोंबडी शंभर-सव्वाशेपर्यंत जाते. समजा, घरी सुधारित जातीच्या दहा तलंगा अंड्यावर आल्या. वर्षाची हजार-बाराशे, म्हणजे महिन्याची सरासरी शंभर अंडी झाली. परसात किडेमकोडे, गवत, घरचे उरलेसुरले खाऊनही दर कोंबडीला रोज चाळीस-पन्नास ग्रॅम दाणा द्यावाच लागतो. महिन्याचा दाणा सुमारे पंधरा किलो. अंडे दहा रुपयांचे आणि दाणा पंचवीस रुपये किलो धरला, तर हजारातून पावणेचारशे गेले. औषध, लस, मुंगसाने नेलेली एखादी कोंबडी, पावसाळ्यातली मर आणि पीस झडण्याच्या काळातला खाडा वजा केला, तर हातात महिना चार-पाचशेच्या आसपास राहतात. आपल्या गावचे भाव घालून ज्याने त्याने हा हिशेब पुन्हा करावा. आकडा मोठा निघणार नाही. पण यात भाजी मिळवा, घरातली मुले अंडी खाऊ लागली ते मिळवा, आणि यासाठी कोणाकडून एक पैसाही कर्जाऊ घ्यावा लागला नाही हे मिळवा. दुकान सोडून याच्या मागे लागण्याइतके हे उत्पन्न नाही. पण सोडून देण्याइतके क्षुल्लकही नाही.

याच्या उलट बाजू आमच्या वाचकांपैकी काहींनी स्वतः सोसली आहे. शेड बांधून, कंपनीशी करार करून ब्रॉयलर वाढवण्याचा मार्ग गेल्या काही दशकांत महाराष्ट्रात फार पसरला. पिल्ले, खाद्य, औषध कंपनीचे. शेड, वीज, पाणी आणि मेहनत आपली. पक्षी उचलले की वजनाप्रमाणे आणि खाद्याच्या खपाप्रमाणे मजुरी. हा व्यवहार वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्याच्याजवळ जागा आहे, वीज आहे आणि दोन-तीन वाईट फेऱ्या पचवण्याची ऐपत आहे, त्याने तो जरूर करावा. पण शेडवर काढलेले कर्ज मात्र कंपनीचे नसते. २००६ सालच्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लू निघाला. देशातला तो पहिलाच उद्रेक होता. लाखो पक्षी मारावे लागले आणि रोगापासून शेकडो मैल दूर असलेल्यांचाही माल कोणी घेईना. २०२० साली तर कोंबडीत रोग नव्हताच. कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो, एवढ्या एका खोट्या बातमीने फेब्रुवारी-मार्चमध्ये भाव असा कोसळला की, खाद्याचे पैसेही निघेनात म्हणून लोकांनी पक्षी फुकट वाटले, पुरले. अशा वेळी परसात दहा कोंबड्या असलेल्या घराचे नुकसान दहा कोंबड्यांचेच होते. त्याच्या दारात वसुलीवाला येत नाही. लहान माणसाने तोटा किती होऊ शकतो हे आधी पाहावे आणि नफा मागून पाहावा, असे आमचे मत आहे.

आता परसाकडे वळू. कोकणातल्या आमच्या बांधवांशी येथे थोडे भांडायचे आहे. श्रीवर्धन, मुरुड, दापोली, रत्नागिरी या पट्ट्यात आखाती देशांतल्या कमाईवर चांगली घरे उभी राहिली. अल्हम्दुलिल्लाह, चांगली गोष्ट आहे. पण घराबरोबर परसूही पक्के झाले. जेथे वालिदांच्या हातचे अळू होते, शेवगा होता, विहिरीच्या सांडपाण्यावर केळी होत्या, तेथे आता कुंपणापासून कुंपणापर्यंत फरशी आणि सिमेंटचे ठोकळे दिसतात. चिखल होत नाही, झाडू मारायला सोपे पडते, हे खरे. पण त्याच अंगणात खुर्ची टाकून बसलेली मंडळी घाटावरून टेम्पोतून आलेल्या मेथीची वाट पाहतात! घर बांधताना निम्मे परसू तरी मातीचे ठेवा, एवढेच आमचे सांगणे आहे. एकदा घातलेले काँक्रीट काढून पुन्हा माती करणे हे घालण्याइतकेच खर्चाचे काम आहे.

बाग आणि कोंबडी यांचे नाते सासू-सुनेसारखे आहे. एकमेकींवाचून चालत नाही आणि एका चुलीवर ठेवून भागत नाही. कोंबडीची विष्ठा हे शेणखतापेक्षा कितीतरी पटींनी जोरकस खत. शेणखतात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास, तर कोंबडीखतात तीन टक्क्यांपर्यंत. पण हाच जोर ताज्या विष्ठेत रोपांना जाळतो. पुष्कळ लोक खुराड्यातली घाण थेट वांग्याच्या आळ्यात टाकतात आणि रोप पिवळे पडले की बियाण्याला दोष देतात. ताजी विष्ठा कोरड्या पालापाचोळ्यात, भाताच्या तुसात किंवा भुशात मिसळून दोन-तीन महिने ढीग कुजू द्यावा. अधूनमधून पाणी शिंपडून उलथावा. वास जाऊन मातीसारखा भुगा झाला म्हणजे खत तयार झाले. कोथिंबीर, पुदिना, मुळा यांसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीवर ताजी विष्ठा कधीच घालू नये, कारण पोटाचे विकार तिच्यातून पसरतात.

दुसरे असे की, कोंबडीला माथ्याचे दोन वाफे आणि उकिरडा यांतला फरक कळत नाही. नुकतेच उगवलेले कोंब ती अर्ध्या तासात साफ करते. तेव्हा परसाचे दोन भाग पाडावेत. केळ, पपई, शेवगा, लिंबू, कढीपत्ता ही झाडे कोंबड्यांच्या बाजूला. त्यांना कोंबडी इजा करीत नाही, त्यांच्या सावलीत ती उन्हाळा काढते आणि मुळाशी उकरून कीड खाते. पालेभाजी, मिरची, टोमॅटो जाळीच्या आत. दुधी, पडवळ, कारले यांचे वेल मांडवावर चढेपर्यंत बुंध्याला काट्या लावाव्यात, मांडव भरला की खाली कोंबड्या खुशाल फिरू द्याव्यात. आणि वाफ्यातली भाजी संपली की आठ-दहा दिवस कोंबड्यांना आत सोडावे. तणाचे बी, अळ्या, गोगलगायी त्या वेचून काढतात आणि पुढच्या पेरणीसाठी जमीन भुसभुशीत करून ठेवतात. या कामाला मजूर लावला तर दिवसाचा रोज द्यावा लागेल.

घरातल्या उष्ट्याबाबत एक सावधगिरी. भाताची शिते, चपातीचे तुकडे, भाजीची देठे चालतात. खारट रस्सा, लोणचे, सुक्या मासळीचे खारे पाणी, हिरवट पडलेल्या बटाट्याच्या साली आणि बुरशी आलेले कोणतेही धान्य देऊ नये. बुरशीचा मका किंवा शेंगदाण्याची पेंड स्वस्तात मिळते म्हणून आणली, तर तिच्यातले विष आधी कोंबडीचे यकृत खाते आणि मग तुमचा नफा. अंड्याचे कवच पातळ येऊ लागले तर समजावे की चुना कमी पडतो आहे. किनाऱ्यावरच्या लोकांनी शिंपले कुटून घालावेत, घाटावरच्यांनी अंड्यांचीच कवचे भाजून, चुरून द्यावीत. शेवग्याचा पाला हा तर कोंबड्यांचा फुकटचा खुराक आहे.

आमचे बहुसंख्य वाचक कारागीर असल्यामुळे ही पुढची गोष्ट आम्ही मुद्दाम विस्ताराने लिहितो, कारण ती कोंबडीपालनाच्या पुस्तिकांत सहसा सापडत नाही. कारखान्याचा कचरा आणि कोंबडी यांचा मेळ जपून घालावा लागतो. सुताराकडचा अस्सल लाकडाचा भुसा खुराड्यात अंथरायला उत्तम. पण प्लायवूड आणि एमडीएफच्या भुशात डिंकाची रसायने असतात, तो नको. शिंप्याकडच्या सुती चिंध्या वेल बांधायला कामाच्या. मागवाल्यांच्या अंगणातली तुटलेली सुते मात्र रोज झाडून उचलली पाहिजेत. कोंबडी ती गिळते, पोटरीत गुंता होऊन खाणे बंद पडते, किंवा पायाला सूत आवळून बोट गळते. वेल्डिंगवाल्याच्या दारातले चमकते तुकडे आणि चुका ती दाणा समजून टिपते. आणि जेथे बॅटऱ्या उघडल्या जातात, जुन्या रंगाचे भंगार जाळले किंवा तोडले जाते, तेथे कोंबडी पाळूच नये. शिसे मातीत उतरते, मातीतून कोंबडीत आणि कोंबडीतून अंड्यात येते. ते अंडे आपण लहान मुलांना शक्ती यावी म्हणून खाऊ घालतो. अशा जागेत पालेभाजीही जमिनीत लावू नये. बाहेरची चांगली माती आणून पिंपात किंवा गोणीत लावावी. चामड्याच्या कारखान्यातला क्रोमचा भुसा खताच्या ढिगात टाकण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते, तीही बंद झाली पाहिजे.

जातीविषयी थोडक्यात. हैदराबादच्या केंद्र सरकारी कुक्कुट संशोधन संस्थेने काढलेल्या वनराजा आणि ग्रामप्रिया, बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा, या परसासाठीच तयार केलेल्या जाती आहेत. ग्रामप्रिया अंड्याला चढ, वनराजा आणि गिरिराजा वजनाला. पण या सहसा खुडूक बसत नाहीत. म्हणून एक-दोन गावठी कोंबड्या ठेवाव्यात. एका कोंबडीखाली दहा-बारा अंडी घातली की एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर पडतात. सुधारित जातीच्या अंड्यातून निघालेले पिल्लू मात्र आईइतकी अंडी देईलच असे नाही, हे आधीच समजून असावे. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तिचे फार कौतुक चालले आहे. काळे मांस, चढा भाव हे खरे. पण ती अंडी थोडी देते आणि वाढायला वेळ घेते. हाताशी ठरलेले गिऱ्हाईक असल्याशिवाय तिच्या नादी लागू नये. आणि रस्त्यावर टोपलीत विकायला येणारी रंगवलेली पिल्ले बहुधा लेअर जातीचे टाकाऊ नर असतात. ती मुलांच्या हट्टापायी घ्यायची असतील तर घ्या, पण त्यांच्याकडून अंड्यांची आशा ठेवू नका.

परसातल्या कोंबडीचा खरा शत्रू मुंगूस नव्हे की मांजर नव्हे. तो राणीखेत, म्हणजे ज्याला आपल्याकडे मानमोडी म्हणतात तो रोग. मान वाकडी होते, हिरवट हगवण लागते आणि आठवड्याभरात खुराडे रिकामे होते. 'आमच्याकडे कोंबड्या टिकतच नाहीत' असे जे घरोघर ऐकू येते, त्यामागे बहुतेक वेळा हाच असतो. याला औषध नाही; लस आहे आणि ती स्वस्त आहे. पिल्लू पाच ते सात दिवसांचे असताना लासोटाचा एक थेंब डोळ्यात, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, आणि आठ आठवड्यांनंतर आर-टू-बीची सुई, असा क्रम जनावरांच्या दवाखान्यात सांगतात. मग लोक लस का देत नाहीत? अडचण अशी की, लसीची बाटली निदान शंभर मात्रांची येते, ती बर्फात ठेवूनच आणावी लागते आणि एकदा पाण्यात मिसळली की तास-दोन तासांत संपवावी लागते. ज्याच्याकडे आठ कोंबड्या त्याने शंभराची बाटली घेऊन काय करावे?

या प्रश्नाचे उत्तर आमच्या मते मोहल्ल्याने द्यायला हवे. दहा-बारा घरांनी पिल्ले एकाच आठवड्यात आणावीत आणि लसीचा दिवस एकच ठरवावा. बांगलादेशात १९८० च्या दशकात ब्रॅक या संस्थेने खेड्यातल्या गरीब बायकांनाच लस टोचायला शिकवले. सरकारकडून लस मिळे, या बायका घरोघर फिरून टोचत आणि प्रत्येक कोंबडीमागे थोडे पैसे घेत. रोग आटोक्यात आला आणि त्यांनाही काम मिळाले. आपल्या मोहल्ल्यातल्या दहावी-बारावी झालेल्या मुलींना हे का जमू नये? डोळ्यात थेंब सोडायला डॉक्टरची पदवी लागत नाही. जमातखान्यात लग्नाच्या देगांचा हिशेब करायला बसणाऱ्या मंडळींनी वर्षातून तीन वेळा एक बर्फाची पेटी आणि एक बाटली आणण्याची जबाबदारी घेतली, तरी पुष्कळ काम होईल. आजारी पक्ष्याला लस देऊ नये, आणि मेलेली कोंबडी उकिरड्यावर न टाकता खोल पुरून वर चुना टाकावा. एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या तर लपवू नये, जनावरांच्या दवाखान्यात कळवावे. बर्ड फ्लूत सरकार मारायला लावलेल्या पक्ष्यांची भरपाई देते, आधीच मेलेल्यांची नाही. तेव्हा उशीर करण्यात कोणाचाच फायदा नाही.

शहरातल्या वाचकांना आम्ही कोंबडीचा आग्रह करणार नाही. चाळीच्या गच्चीत किंवा फ्लॅटच्या बाल्कनीत कोंबड्या ठेवून शेजाऱ्यांशी वैर घेऊ नये. नगरपालिकांचे नियमही ठिकठिकाणी वेगळे आहेत. तेथे डब्यात पुदिना, मिरची, कढीपत्ता एवढे पुरे. ज्यांना जागा आहे त्यांनीही दहा कोंबड्यांना निदान बारा चौरस फुटांचे, जमिनीपासून उंच, जाळी लावलेले खुराडे करावे आणि ते रोज झाडावे. अंडी फक्त खायची असतील तर कोंबड्याची गरजच नसते. त्याच्या पहाटेच्या आरवण्यावरून होणारी निम्मी भांडणे तेथेच मिटतील. कोंबडी गटारात आणि शेजाऱ्याच्या ओट्यावर फिरणार नाही एवढे पाहावे. घाण खाणारी कोंबडी जबह करण्यापूर्वी काही दिवस कोंडून स्वच्छ दाण्यावर ठेवावी हे फिक्हच्या किताबांत आहेच, पण आजकाल बांधून घालायला कोणाला सवड आहे!

या सगळ्यात काम कोण करते? घरातली बाई. दाणा ती टाकते, खुराडे ती झाडते, खुडूक कोंबडीवर लक्ष ती ठेवते. अंडी विकायला मात्र मुलगा जातो आणि पैसे दुकानाच्या गल्ल्यात पडतात. हे आम्हांला मान्य नाही. शरीअतने स्त्रीची कमाई तिच्या मालकीची मानली आहे. मग अंड्यांचे पैसेही तिचेच. तिने ते घरात खर्च केले तर ती तिची मेहेरबानी समजावी. व्यवहाराच्या बाजूनेही हेच बरोबर आहे. जेथे अंड्यांचा पैसा बाईच्या हातात राहतो तेथे कोंबड्या टिकतात, वाढतात. जेथे तो काढून घेतला जातो तेथे दुसऱ्या वर्षी खुराडे रिकामे असते, हे आम्ही कोकणात आणि मराठवाड्यात किती घरांत पाहिले आहे.

शेवटी अंडी-कोंबडीच्या व्यापारात असलेल्या आमच्या बांधवांना दोन शब्द. गावठी अंड्याला जास्त भाव मिळतो म्हणून पिंजऱ्यातली पांढरी अंडी चहाच्या पाण्यात किंवा रंगात बुडवून गावठी म्हणून विकण्याचे प्रकार बाजारात चालतात. संकरित कोंबडीही 'गावरान' सांगून खपवली जाते. ओल्या कपड्याने अंडे पुसले की रंग बोटाला लागतो. गिऱ्हाइकाला हे आता कळू लागले आहे. ही फसवणूक गिऱ्हाइकाची आहेच, पण त्याहून जास्त ती त्या बाईची आहे जी खरीच दहा कोंबड्या पाळते आणि जिच्या खऱ्या अंड्यावर आता कोणी विश्वास ठेवत नाही. तुमच्या दुकानात गावठी अंडी ठेवायची असतील तर मोहल्ल्यातल्या पाच-दहा घरांशी ठरवून घ्या. आठवड्याचा भाव आधी सांगा, पैसे रोख द्या, आणि अंड्यावर पेन्सिलीने तारीख घाला. घाऊक भाव व्यापाऱ्यांच्या मर्जीवर राहू नये म्हणून मोठ्या कोंबडीपालकांनी १९८२ साली एकत्र येऊन राष्ट्रीय अंडी समन्वय समिती काढली. परसातल्या बायकांची अशी समिती कोठे नाही, त्यांचा भाव तुमच्याच तोंडून ठरतो.

ज्यांना यंदा सुरुवात करायची आहे त्यांनी पावसाळा ओसरू द्यावा. भर पावसात आणलेली पिल्ले गारठ्याने आणि ओलीने मरतात. आधी खुराडे बांधावे, जाळी लावावी, खताचा ढीग रचावा, वाफ्यात माठ आणि मुळा पेरावा आणि मगच पिल्ले आणावीत. आणताना लस दिली आहे की नाही आणि कोणत्या तारखेला दिली हे विकणाऱ्याकडून कागदावर लिहून घ्यावे.